सासूबाईंच्या खोलीची कडी

इकडे सरक वं बाई, ऐक. रक्त तपासू म्हणत आजीला असं घाबरवतात काय? आता म्हणे रक्तातच विसरण्याच्या आजाराची खूण सापडते, आणि ती वाढली की मेंदूतल्या पांढऱ्या तारा झिजतात. तसा झिजलेला भाग मी पाहिलाय. ऐंशी सालानंतर कधीतरी सासूबाईंच्या डोक्याचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरांनी दाखवला होता. दीर म्हणाले, "आईले खोलीत कोंडून ठेवा, वहिनी." मी म्हटलं, "भाऊजी, आधी तुम्हीच तसं कोंडून बसून पाहा." कोंडण्याऐवजी हाताला काम म्हणून सासूबाईंपुढे मी भिवापुरी मिरच्यांचा ढीग ओतला. "तू कोणाची वं?" असं मलाच विचारत त्या झरझर देठ खुडत राहिल्या. शेवटपर्यंत मी कडी लावली नाही. माझंही रक्त तपासा खुशाल, पण मला कोणी कोंडायचं नाही. एवढं कबूल असेल तर येत्या रविवारीच मला तपासणीला न्यायला ये.