सुदामचे विमान दुरुस्त झाले, पण

गटातील मित्रहो, आज दुपारी माझ्या हातून एक चूक झाली. ती तुम्हाला सांगतो.

माझा मेहुणा सुदाम राहुरीला राहतो. सुप्याच्या कारखान्यातील अपघातापासून त्याला चालता येत नाही. संगणकावर विमान उडवण्याचा खेळ हाच त्याचा विरंगुळा. आठवडाभर विमान धावपट्टी सोडताच पडदा काळा पडे आणि संगणक अडकून बसे. ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, म्हणजे ड्रायव्हरचा हा दोष असावा, असे माझे मत होते.

मी जुना ड्रायव्हर काढून नवा टाकला, तरी बिघाड कायम राहिला. अखेर हार्ड डिस्क पुसून सगळे पहिल्यापासून टाकायचे ठरवले. जपायच्या गोष्टींची यादी केली, पत्रे फ्लॉपीवर उतरवली. खेळापुढे लिहिले, 'सीडीवरून पुन्हा टाकता येईल.'

संध्याकाळी विमान निर्विघ्न उडाले. सुदाम हसला. "दाजी, आता पडलं तर माझ्याच हातानं पडंल, मशिनीच्या न्हाई!"

मग त्याला पडद्यावर आपला हुद्दा दिसला: शिकाऊ वैमानिक. दोन वर्षे खेळून तो कप्तान झाला होता. ती नोंद सीडीवर नव्हती, मी पुसलेल्या डिस्कवर होती.

"ऱ्हाऊ द्या दाजी," तो म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून शिका, असं डॉक्टरबी म्हणत्यात." त्याने जॉयस्टिक बाजूला ठेवली.

यादी करताना तो माझ्या शेजारीच बसला होता. काय जपायचे, हे मी त्याला विचारले नाही.

पुसलेल्या डिस्कवरून काही परत मिळते का? कोणाला माहीत असल्यास कृपया कळवा.