लाळ नाही, बेडका

"बाई, ही लाळ आहे. बेडका पाहिजे, बेडका. खोकताही येत नाही का तुम्हा लोकांना?"

तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीतल्या माणसाने माझी डबी पेनाच्या टोकाने परत सरकवली. रांगेत कोणीतरी हसलं. मी डबी पदराखाली घेतली. चोरून आणल्यासारखी.

टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते. खोकला तसाच. वजन उतरत होतं. एकदा माझा बेडका नागपूरला गेला होता. अंगातले जंतू कोणत्या औषधाला जुमानत नाहीत, ते तिथे कळतं. उत्तर आलं: नमुना अयोग्य. डबी उन्हात राहिली की गळली, कोणी सांगितलं नाही. आता दुसरी डबी. तीही परत.

आत डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली नाही. "गोळ्या नीट खाल्ल्या असत्या तर ही वेळ आली नसती. जंगलातल्या लोकांचं हेच. घरी नेता आणि फेकता. त्याच चालू ठेवा."

त्याच गोळ्या. घरात पोरगी माझ्याशेजारी झोपते. आठ दिवसांपासून तीही खोकत होती.

मी उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. फडीवर पानं मोजून घेणारा मुन्शी म्हणाला, पुड्यात पानं कमी आहेत, तर मी पुड्याची गाठ तिथेच सोडते. "मोज माह्या समोर." आजवर एकाही मुन्शीला सोडलं नाही. मग इथे मुकी का झाले? कोट पांढरा होता म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेले. गोळ्यांची एकही रिकामी पट्टी मी टाकली नव्हती. तेंदूसारखे पुडे बांधून ठेवले होते. ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले आणि सोडले.

"मोजा, साहेब."

"हे काय आणलं?"

"रोज खाल्ल्या. एक खाडा नाई. औषधच लागू होऊन नाई राह्यलं. बेडका नागपूरले पाठवा. नाई पाठवत, तर तसं लिहून द्या मले."

त्यांनी मोजल्या नाहीत. पण पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "द्या नमुना," म्हणाले.

बेडका कसा काढायचा, हे तोवर मला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही बायका पदरात खोकतो, हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मग लाळच येणार. त्या दिवशी नर्सबाईला दारात अडवून विचारलं. दोन वाक्यांत सांगून झालं तिचं. दवाखान्यामागे मोहाच्या झाडाखाली, माणसांपासून लांब गेले. पदर कमरेला खोचला. छातीच्या तळातून खोकले. सगळ्या आवाराने ऐकलं. ऐकू दे.

डबी नागपूरला जाणाऱ्या पेटीत गेलेली पाहूनच परतले.

रिपोर्ट अजून आलेला नाही. दर सोमवारी तोंडाला रुमाल बांधून मी तो विचारायला खिडकीशी उभी असते. पोरीचा खोकला थांबला नाही, म्हणून आता तिचीही डबी असते हातात. रांगेत नवी बाई दिसली की तिला झाडाखाली पाठवते, कसं खोकायचं ते सांगून.

"आली मास्तरीण," खिडकीतला म्हणतो.

येणारच. पुन्हा अयोग्य म्हणाले तर पुन्हा आणीन. पण का अयोग्य, ते लिहून घेईन. आणि डबी परत द्यायची असेल तर हातात द्यायची. पेनाने सरकवलेली मी उचलणार नाही.