काकूच्या बांधावरचा गांजा

आमच्या तालुक्यातल्या एका नेत्यांचं फेसबुक पान मी सांभाळते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मला चारचौघांत बोलता येत नाही, टाइप करता येतं. शाळा इंग्रजी होती, म्हणून मराठी पोस्ट दोनदा तपासून टाकते.

त्या दिवशी विरोधी नेत्यांनी लिहिलं, औषधासाठी गांजाच्या शेतीला परवानगी द्या, शेतकऱ्याचं भलं होईल. भाऊंनी मला फर्मावलं, तासाभरात उत्तर गेलं पाहिजे : गांजामुक्त तालुका. फोटो मात्र आपल्या मातीतला हवा. मागे एकदा मी परदेशातलं शेत टाकलं होतं, तेव्हा लोक हसले होते.

मी सोनाळ्याला काकूच्या शेतावरच होते. बांधावर पाच बोटांच्या पानांची झाडं होती, अगदी टी-शर्टवर छापतात तशी. रानटी काहीतरी असेल, जवळून कोण बघतंय, म्हणून फोटो काढला, त्यावर लाल फुली मारली आणि पोस्ट टाकली.

सगळ्यांनीच जवळून बघितलं. पहिली कमेंट आली, "भाऊ, हे अंबाडी हाये. आम्ही भाकरीसंग खातो." जन्मभर ताटात खाल्लेली भाजी मला झाडावर ओळखता आली नव्हती. विरोधकांनी विचारलं, मेथीवर बंदी कधी? आमच्या कार्यकर्त्यांनी त्यांना गांजावाले ठरवलं. तेवढ्यात कुणीतरी फोटोतला निळा ड्रम ओळखला आणि शेत कुणाचं तेही लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संग्रामपूरच्या बाजारात काकूच्या जुड्या तशाच पडून होत्या. लोक "काकू, ओढाची का शिजवाची?" विचारून हसत पुढे जात होते.

"माह्या अंबाडीचा गांजा कोनं केला, तेवढं सांग मले," काकू म्हणाली.

"मी."

ती जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, "तं तूच निस्तर."

भाऊंचं म्हणणं होतं, पोस्ट काढ आणि पान हॅक झालं म्हण. मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं, अर्थात मेसेजवर. चूक माझी, अंबाडी काकूची, असं त्याच पानावर लिहिलं आणि ती बाजारात कुठे बसते तेही टाकलं.

भाऊ माझ्यावर चिडले. पुढच्या बाजारी मात्र जुडी हातात धरून व्हिडिओ करायला हजर. तासाभरात विरोधकही आले. त्यांनी दोन जुड्या धरल्या. दोन्ही पानांवर अंबाडीचा अभिमान ओसंडून वाहत होता, आणि दुपारच्या आत काकूची टोपली रिकामी झाली.

काकूने खालचं पोतं झटकलं. "अन् गांजाचं काय ठरलं?"

मी दोन्ही पानं खालपर्यंत चाळली. "ते कोणी लिहिलंच नाही, काकू."