प्रश्न कुणाच्या अक्षरात होता

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. गेल्या वर्षीच्या त्रैक्य रविवारी, सकाळच्या उपासनेत, मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणून झाल्यावर आणि दानार्पणाचं गीत सुरू होण्याआधी. ग्वाल्हेरच्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत, बाहेर लूच्या झळा चाललेल्या असताना.

मंडळीच्या सेक्रेटरींनी आधी कूलर बंद करायला लावला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या कूलरच्या घरघरीत आमच्याकडे लग्नाच्या सूचना वाचल्या जातात, आजाऱ्यांची नावं वाचली जातात. कुणाला धड ऐकू येत नाही आणि कुणाची तक्रारही नसते. त्या दिवशी मात्र सगळ्यांना नीट ऐकू जावं अशी कुणाची तरी इच्छा होती. जुलैपासून संडे स्कूलमध्ये कोण कोण शिकवणार त्याची यादी त्यांनी वाचली. चार नावं. आत्याचं नाव नव्हतं. ती एकतीस वर्षं शिकवत होती, तिसऱ्या बाकावर बसलेली होती, आणि तिला आधी कुणीही सांगितलं नव्हतं.

यादी संपली आणि कूलर पुन्हा सुरू झाला.

बाहेर सरबत वाटत होते तिथे मी सेक्रेटरींना गाठलं.

"सलाम, अंकल. आत्याचं नाव राहिलं का?"

"राहिलं नाही, बेटा."

"मग?"

"शिकायत आली आहे."

"कुणाची?"

"अब छोड़ो न. कमिटी बघते आहे."

"कशाबद्दल ते तरी सांगा."

ते चष्मा पुसायला लागले. "शिकवण्याबद्दल. त्रैक्याबद्दल."

मी पत्रकं काढते. वॉर्डातलं तुंबलेलं गटार, मुलींच्या शाळेतलं कुलूपबंद स्वच्छतागृह, असले विषय. खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या एका छापखान्यात मला सगळे ओळखतात. या कामात एक गोष्ट कळली. 'बघतो आहोत' म्हणणाऱ्या माणसाचं बहुतेक वेळा बघून झालेलं असतं. त्यामुळे सरबत न घेताच मी विचारपूस सुरू केली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही मानतो की देव एकच आहे, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे तो एक देव आहेत. तिघे एकमेकांपासून वेगळे, तरी देव तीन नाहीत. हे समजावताना भले भले चुकतात. पाणी, बर्फ आणि वाफ असा दाखला दिला की एकच जण तीन सोंगं घेतो असं होतं. तीन मेणबत्त्या म्हटलं की देव तीन होतात. शेकडो वर्षं यावर वाद झाले, माणसं मंडळीबाहेर काढली गेली. आमच्याकडे हा वाद अलीकडे आला, तो शहरातल्या पडाव भागातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. तिथे दर रविवारी एक नवा गट भरतो. त्यांचं म्हणणं, त्रैक्य हा शब्द बायबलात नाही, येशूच पिता आणि येशूच आत्मा, बाकी सगळं माणसांनी रचलेलं. आमची तीन कुटुंबं तिकडे गेली. तेव्हापासून आमची कमिटी उपासनेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीकडेसुद्धा संशयाने बघायला लागली होती. मीही बघत होते, हे कबूल करते.

आता आत्याची पद्धत. मुलांकडून धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी घोकून घेतली की ती कोऱ्या चिठ्ठ्या वाटायची. ज्याला जे विचारायचं ते लिहायचं, नाव घालायचं नाही. घरी आल्यावर ती ते सगळे प्रश्न एका वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून काढायची आणि चिठ्ठ्या फाडून टाकायची. अक्षरावरून मूल ओळखू येऊ नये म्हणून. आमची मंडळी एवढीशी, कुणाचा 'श' कसा निघतो हेसुद्धा सगळ्यांना पाठ. ती वही संडे स्कूलच्या मागच्या खोलीतल्या कपाटात असायची.

त्या वहीतल्या एका पानाचा फोटो कमिटीच्या व्हॉट्सॲपवर फिरला होता. मला तो एका चुलतभावाने दाखवला, तोही दार लावून. पानावर आत्याच्या गोल, नीटस अक्षरात एकच ओळ होती: "येशू प्रार्थना करायचा तेव्हा कोणाशी बोलायचा? स्वतःशीच का?"

झालं. कमिटी म्हणाली, बाई पडाववाल्यांची शिकवण आमच्या मुलांना देतात. पुरावा त्यांच्याच हातचा.

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: सेक्रेटरी, आत्या आणि पाळकसाहेब. मी पाळकसाहेबांकडे गेले. ते दोन वर्षांपूर्वी आलेले, सौम्य बोलणारे. सौम्य बोलणाऱ्यांचं मला जरा जास्तच ऐकावं लागतं.

"हा प्रश्न वर्गातल्या एका लेकराने विचारला आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"प्रश्न अनेक येतात."

"आत्या हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आली होती. लेंटमध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत. तुम्ही म्हणालात, पुढच्या आठवड्यात सांगतो."

ते म्हणाले, "विषय गहन आहे. आणि वातावरण तुम्ही बघताच आहात."

म्हणजे माहीत होतं. ज्या सभेत तिचं नाव कापलं त्या सभेत हे गृहस्थ खुर्चीवर बसून होते, त्यांना माहीत होतं की प्रश्न लेकराचा आहे, आणि ते गप्प बसले. का? उत्तर येत नव्हतं म्हणून? की उत्तर दिलं आणि तेही चुकलं तर त्यांचाच फोटो फिरेल म्हणून? मला आजही पक्कं सांगता येत नाही.

आत्या दाना ओली नावाच्या जुन्या गल्लीत राहते. तिच्या शेजारच्या काकूंचे पूर्वज दरबारात कारकुनी करायचे, मुलगा आता बँकेत आहे. काकू रोज संध्याकाळी आत्याकडे चहाला येतात. त्यांना हे सगळं ऐकून आश्चर्य वाटलं.

"अगं, एवढ्यावरून? आमचा दत्त आहे की! तीन शिरं, देव एक. कुणी कुणाला काढलंय का त्यावरून?"

"काकू, तसं नाहीये ते," आत्या म्हणाली.

"मग कसं आहे?"

"तेच तर त्या लेकराला सांगायचं होतं मला."

"बघ, हिलाच येत नाही," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि ही मास्तरीण. काढलं ते बरोबरच केलं." दोघी हसल्या. मी हसले नाही. मला राग येत होता आणि त्या बिस्किटं बुडवत होत्या.

दोन दिवसांनी पडावचा एक प्रचारक आत्याच्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात बायबल. "बहनजी, आपके साथ बहुत ग़लत हुआ. आमच्याकडे मुलांचा वर्ग घ्या." बातमी याच्यापर्यंत इतक्या लवकर कशी गेली? हाही संशय मी माझ्या वहीत टिपून ठेवला आहे.

आत्याने त्याला पाणी दिलं. मग म्हणाली, "पुत्र पित्याशी बोलायचा. पकडला गेला त्या रात्री बागेत रडून बोलला. तुम्ही म्हणता तो एकटाच होता. मग ते रडणं काय नाटक होतं?"

तो वचनं काढून दाखवायला लागला. तिने हात वर केला. "मला तुमच्याकडे यायचं नाही. माझा वर्ग माझ्याच लोकांकडे आहे."

तो गेल्यावर मी म्हटलं, "हेच उत्तर कमिटीपुढे दे ना!"

"बोलावलंय कुठे त्यांनी मला?"

तेव्हा मी ठरवलं. आणि इथे मी चुकले.

मी पत्रक छापलं. एका पानाचं, मोठ्या टाइपात: हा प्रश्न शिक्षिकेचा नाही, एका बालकाचा आहे, ती फक्त उतरवून घेते, पाळकांना हे ठाऊक होतं. पुढच्या रविवारी फाटकात उभी राहून मी ते प्रत्येकाच्या हातात दिलं. मला वाटलं, आता सुटली. प्रत्येक ओळ खरी होती. पत्रक छापताना मी एवढंच तपासते, ओळ खरी आहे का. ती वाचून माणसं पुढे काय करतील, ते मी तपासलं नाही.

त्याच रविवारी उपासनेनंतर कमिटीचे दोघे मागच्या खोलीत गेले आणि मुलांना ओळीत उभं केलं. "किसने लिखा था? घाबरू नका, सांगा. घरी कोण शिकवतं तुम्हाला असं? आईबाबा पडावला जातात का?" एकेकाला विचारलं. एक मूल रडायला लागलं. ज्याचा प्रश्न होता तेच रडलं, असं कृपा करून समजू नका. मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. पण कुजबुज सुरू झाली, आणि दोन घरांकडे लोक मान वळवून बघायला लागले. माझ्यावर हसणारे मला चालतात. ते बघणं चालत नव्हतं.

आत्याला हे कळलं. साडी बदलली, पायात चपला घातल्या आणि रिक्षा करून बुधवारच्या कमिटी सभेत गेली. मी मागोमाग. दारातच अडवलं मला, पण दार उघडं होतं.

"बसा बाई," सेक्रेटरी म्हणाले.

"बसत नाही. प्रश्न माझा आहे. लिहून घ्या."

"पण पत्रकात तर..."

"पोरीला काय माहीत? अक्षर कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग? मुलांना आता कुणी काही विचारायचं नाही."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. त्यांना ती खोटं बोलते आहे हे माहीत होतं, दुसऱ्यांदा माहीत होतं, आणि ते दुसऱ्यांदा गप्प बसले. सेक्रेटरींनी लिहिलं. शिक्षिकेने चूक मान्य केली, असं. त्या खोलीतून परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "तू खोटं का बोललीस? आता कधीच परत घेणार नाहीत."

"खोटं कसलं? मलाही तोच प्रश्न आहे. लहानपणापासून आहे."

"पण तू तर त्रैक्य मानतेस!"

"मानते. प्रश्न पडला म्हणजे मानत नाही, असं तुला कुणी सांगितलं? कमिटीने?" आणि मग चिडून, "आणि पुढच्या वेळी छापायच्या आधी मला दाखव. गाढव कुठली."

ही आठवण छापायच्या आधी तिला दाखवली. तिने अट घातली की त्या लेकराबद्दल अवाक्षर नको, मुलगा की मुलगी तेही नको. ती अट मी पाळली आहे. तिने स्वतःबद्दलची दोन वाक्यं खोडायला सांगितली होती, ती मी ठेवली आहेत. वर्षभर ती तिसऱ्या बाकावर येऊन बसते. मागच्या खोलीत मुलांचा आवाज चालू असतो, ती दाराकडे बघत नाही. चिठ्ठ्या आता कुणी वाटत नाही. मुलं घोकतात आणि घरी जातात. प्रश्न विचारला तर काय होतं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पडावच्या हॉलमध्ये प्रश्न विचारणाऱ्याला पहिल्या रांगेत खुर्ची देतात, हेही त्यांना लवकरच कळेल.

हे वाचणाऱ्या मंडळीच्या सभासदांनो, त्या सकाळी कूलर बंद असताना तुम्ही ऐकलंत आणि दानार्पणाच्या गीताला उभे राहिलात. येत्या वार्षिक सभेत पुन्हा उभे राहा. तिला समोर बोलवा, तिचं ऐका, 'चूक मान्य केली' ही नोंद रद्द करा आणि तिचा वर्ग तिला परत द्या. आणि लहान मुलांना ओळीत उभं करणाऱ्या त्या दोघांना सांगा, मुलांपुढे जाऊन माफी मागा.