देशकरकाकांची गाडी आणि भरती

गाडी वाळूवर उभी केली ती मीच. मी भोपाळचा; तिथल्या तलावाला भरती येत नाही, म्हणून मला तिची आठवणच झाली नाही. किनाऱ्यावर फिरून आम्ही परतलो, तेव्हा लाटा मागच्या चाकांना लागत होत्या. आमच्या शेजारच्या देशकरकाकांनी भोपाळच्या कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवली आणि सगळा पीएफ या घरवजा मिनीबसमध्ये घातला.

"काका, धक्का मारू?"

"तू राहू दे! तुझं काम झालंय."

त्यांनी एका कोळ्याच्या होडीखालच्या दोन फळ्या मागून घेतल्या आणि चाकांपुढे टाकल्या. पाणी दाराच्या पायरीला टेकलं. काकांनी अगदी हळू क्लच सोडला. गाडी निघाली, फळ्या मात्र मोडल्या.

"नव्या हाच पाठवेल," काकांनी माझ्याकडे बोट दाखवून कोळ्याला सांगितलं.

भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये परतून चार महिने झाले. फळ्यांसाठी लाकूड बघून ठेवलंय.