तीन सत्त्या

मंठाळचे शिवशंकरप्पा इष्टलिंगाची पूजा कधी चुकवत नसत आणि दुपारची पत्त्यांची तिरटही. पैसे लावून मात्र ते कधी खेळले नाहीत. डाव चिंचोक्यांचा, आणि समोर बायको, शरणम्मा. अख्खी तुरीची अडत सांभाळणाऱ्या माणसाला बायकोला हरवल्याशिवाय दुपारची डुलकी लागत नाही, असं गाव हसून म्हणे. खरं तर हरायचे तेच जास्त.

तिरटीत पानं तीन. बरी आली तर चिंचोका पुढं सारून चाल द्यायची, वाईट आली तर उपडी ठेवून डाव सोडायचा. शरणम्मा कशावरही चाल देत. अप्पांचं तसं नव्हतं. "वाईट पान गुमान ठेवावं," ते म्हणत, "पर चांगलं पान हातात असून जो डाव सोडतो, त्यो भित्रा."

गेल्या साली अर्धांगवायूनं त्यांचं उजवं अंग आणि वाचा नेली. मान हलायची, पण तिचा भरवसा नव्हता. भात हवा का म्हटलं तरी हो, नको का म्हटलं तरी हो. पानं मात्र त्यांना नीट कळत. शरणम्मा पानं वाटून त्यांच्या डाव्या हातात देत, आणि अप्पा पूर्वीसारखेच विचार करून खेळत.

यंदा मेंदूत पुन्हा रक्त साकळलं. मुलगा अमरनाथ गाडी घेऊन दारात आला.

"अव्वा, हैदराबादला न्यावं लागतंय. डॉक्टर म्हणायलेत, आशा चांगली हाय. तू व्हय म्हण, की निघू."

शरणम्मांनी पानं पिसली, वाटली.

"ऐका," त्या अप्पांना म्हणाल्या, "पोरगं तुमाला हैदराबादला न्यायलंय. डोकं उघडणार हायत. जायचं असंल तर चाल द्या. न्हाई तर..." आणि तीन पानं त्यांच्या डाव्या हातात दिली.

अप्पांनी तिन्ही पानं निरखून बघितली. मग दारातल्या गाडीकडं बघितलं. आणि पानं उपडी ठेवली.

पानंच वाईट आली असतील, असं स्वतःला समजावत शरणम्मांनी ती उलटली. देवा, वाईटच असू देत! निघाल्या तीन सत्त्या. असलं पान अप्पांनी जन्मात कधी सोडलं नव्हतं.

"गाडी परत पाठव," त्या म्हणाल्या.

"अव्वा, आशा हाय म्हणालेत की!"

"व्हय रे बाळा. पान चांगलंच व्हतं. बघून ठेवलंय त्येंनी."

अमरनाथ उंबऱ्यातच खाली बसला. शरणम्मांना नवऱ्याचा राग आला, आणि त्या रागातच रडू फुटलं.

"मी सोडला नसता," त्या अप्पांना म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून तिथंच बसून राहिल्या.