वाऱ्याचं पाणी

माझ्या सासूबाई, राबिगा अपा, एकतीस वर्षं बाल्काश सरोवराची पातळी मोजत आल्या. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला रबरी बूट घालून पाण्यात उतरायचं, पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. सरोवर आटत गेलं तशी पट्टी तीनदा पुढे रोवावी लागली. जुन्या पट्ट्या कोरड्यात तशाच उभ्या आहेत. शेळ्या त्यांना पाठ घासतात. तिथली खारट धूळ उन्हाळाभर गावात येते आणि माझी सात वर्षांची कुरलाय खोकत राहते.

मागच्या ऑक्टोबरात सरोवर वाचवण्याच्या योजनेचे एक साहेब आले. बादल्यांतून माशांची पिल्लं सोडली, फोटो काढले. तीन दिवस उत्तरेचा वारा सुटला होता. असा वारा पाणी आमच्या काठाला ढकलतो. पट्टीवर एकशे बेचाळीस सेंटिमीटर दिसत होतं. आठवड्यापूर्वी एकशे आठ होतं.

साहेब खूश झाले. अहवालात त्यांना हाच आकडा हवा होता. पण अपांनी आकड्यापुढे वाऱ्याची खूण केली होती. खूण असलेला आकडा धरत नाहीत, वारा पडल्यानंतरचा धरतात. साहेबांनी ती खूण खोडायला सांगितली.

"हे पाणी आपलं नाही साहेब, वाऱ्याचं आहे," अपा म्हणाल्या. "परवा परत घेऊन जाईल."

"आजी, वाऱ्यानं आणलेलं पाणी काय कोरडं असतं?"

सगळे हसले. अपाही हसल्या, पण पेन्सिल खिशातून काढली नाही.

वसंतात वरच्या धरणातून किती पाणी सोडायचं, ते ठरवताना हा आकडा बघतात. सरोवर भरलेलं दिसलं तर पाणी सोडणार कशाला?

साहेब चहाला घरी आले. कणकेचे तळलेले बाउरसाक आवडीनं खाल्ले आणि जाता जाता सहज म्हणाले, की आता मोजायला यंत्रं येणार आहेत, माणसं कमी करावी लागतील. अपांच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती. मी त्यांना चुलीपाशी बोलावलं.

"अपा, खोडा ना ती खूण. एवढ्याशानं काय होतंय?"

"आणि पोरीचा खोकला?" त्या म्हणाल्या.

अपांनी वही साहेबांच्या हाती खुणेसकट दिली. दोन दिवसांनी वारा पडला, तेव्हा एकशे सहा भरलं. ते त्यांनी शहरातल्या कचेरीला स्वतः फोन करून कळवलं.

डिसेंबरात यंत्र आलं आणि अपांची नोकरी गेली. एप्रिलमध्ये धरणाचे दरवाजे उघडले, चोवीस दिवस पाणी आलं. ते त्यांच्या आकड्यामुळे आलं की आधीच ठरलं होतं, कुणी सांगितलं नाही. अपांनी विचारलंही नाही.

यंत्राच्या नळीत शेवाळ अडकतं, मग आठवडाभर एकच आकडा येतो. अपा अजूनही आठला जातात. गुडघे सुजलेत, जाऊ नका म्हटलं तर ऐकत नाहीत. आज सकाळी परत आल्या, बाकावर बसल्या आणि बूट ओढायला पाय माझ्यापुढे केला.

"एकशे अकरा. लिही."

घरची नवी वही आता माझ्याकडे असते. वारा होता का, मी विचारलं.

"नव्हता," त्या म्हणाल्या आणि दुसरा पाय पुढे केला.